मखर

"सही करा आणि विषय संपवा," आप्पा म्हणाले आणि त्यांनी दौत दमयंतीबाईंपुढे सरकवली.

ओटीवर मुंबईला जायच्या आंब्यांच्या करंड्या भरून ठेवल्या होत्या. त्यांच्यापलीकडे झोपाळ्यावर आप्पा, मुलींच्या हायस्कुलाच्या कमिटीचे अध्यक्ष. खुर्चीत आत्मारामपंत वकील, कमिटीचे चिटणीस. दमयंतीबाईंना पाट दिला होता. इंग्रजी चौथीला आरोग्यशास्त्र शिकवणारी बाई, तिला पाट पुष्कळ झाला.

कागदावर ९ एप्रिल १९३१ अशी तारीख घालून वकिलांनी सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'मी वर्गात मुलींसमोर अश्लील भाषण केले याबद्दल दिलगीर आहे. पुन्हा असे करणार नाही.' सही केली तर नोकरी राहणार होती. नाही केली तर सोमवारपासून शाळेत यायचं नव्हतं.

"मी अश्लील काय बोलले?" बाईंनी विचारलं.

वकील खाकरले. "ते उच्चारण्यासारखं नाही."

"बायकांना दर महिन्याला काय होतं, का होतं आणि मूल कुठे वाढतं, एवढंच मी सांगितलं. शिपायाला बाहेर पाठवून, दार लावून सांगितलं."

"पण सांगायचंच कशास? पुस्तकात आहे का ते?"

पुस्तकात नव्हतंच. त्यातलं माणसाचं चित्र छातीपासून पोटापर्यंत नीट उतरत येई आणि मधलं सगळं सोडून एकदम गुडघ्यांपाशी पुन्हा सुरू होई. असा माणूस उभ्या रत्नागिरीत कोणी पाहिलेला नाही. परीक्षेला मात्र तोच येतो.

"आप्पा, सोमवारी उल्का शाळेतच पहिल्यांदा बाहेरची झाली," बाई म्हणाल्या. "तेरा वर्षांची पोर. तिची आत्या क्षयाने रक्त ओकून गेली. रक्त म्हणजे मरण, एवढंच तिला ठाऊक. विहिरीपाशी जाऊन बसली होती. मला म्हणाली, बाई, माझी नवी दौत धाकट्या हेमाला द्या. वर्गात आणखी एकवीसजणी आहेत. त्या कधी विहिरीवर जाऊन बसतात याची वाट पाहत राहू?"

"तिच्या आईने सांगितलं असतं, योग्य वेळी," वकील म्हणाले.

"योग्य वेळ सोमवारी दुपारी दोन वाजता आली, वकीलसाहेब. आई तिथे नव्हती."

आप्पांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "हे पाहा बाई, या गोष्टी झाकलेल्याच बऱ्या. चारचौघांत त्यांची वाच्यता करायची नसते."

इथे बाईंचा तोल गेला. जायलाच हवा होता.

"चारचौघांत? पाच वर्षांमागे तुमच्या सुनेला न्हाण आलं तेव्हा याच घरात मखर घातलंत ना? केळीचे खांब, आरसे, दारात वाजंत्री. घरोघर साखर वाटलीत, माझ्याकडेही आली. तुमच्या घरात काय झालं ते पार बंदरावरच्या खलाशांना कळलं. एका मथुरेला तेवढं कळलं नव्हतं. मखरात बसून रडत होती. येईल तिला विचारत होती, मी काय केलं? सगळ्या हसल्या. मीही हसले. ते अजून मला खातं."

"तो संस्कार आहे!" आप्पा ओरडले. "धर्म आहे तो!"

"वाजवलं तर धर्म आणि समजावलं तर अश्लील?"

आप्पांनी कागदावर बोट आपटलं. "सही करा."

बाईंनी टाक उचलला. म्हातारी आई त्यांच्याच पगारावर जगत होती.

तेवढ्यात माजघराच्या दारात मथुरा आली. अठरा वर्षांची, नववा महिना लागलेला. पन्ह्याचे पेले ठेवलेलं तबक तिने कसंबसं वाकून उंबरठ्याशी ठेवलं. मग आत जायचं, पण ती गेली नाही. दाराला धरून उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "मुलींना काय सांगितलंत हो?"

आप्पांनी हातानेच तिला आत जायची खूण केली.

"गोठ्यात कपिला व्याली ती मी पाह्यली. माणसाचंही तसंच असतं का?"

वकील आंब्यांच्या करंड्या मोजल्यासारखं करू लागले.

"मथुरे, आत जा!"

"जाते, मामंजी." पण ती दारातून हलली नाही. "पुढल्या महिन्यात माझीच वेळ आहे. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, तेव्हा कळेल. मला रात्रीची झोप येत नाही हो, बाई."

दमयंतीबाईंनी टाक कागदावर आडवा ठेवला. उठल्या, उंबरठा ओलांडला आणि मथुरेचा हात धरला.

"घरात पाटी आहे का गो? घेऊन ये. आणि घाबरू नकोस, सगळं सांगते."

आप्पा झोपाळ्यावरून ताडकन उठले. आत जायची त्यांची हिंमत होईना. तिथूनच त्यांनी बायकोला हाक मारली, "अगो, ऐकलंस का? त्या बाईला आधी बाहेर काढ!"

माजघराचं दार आतून ओढलं गेलं आणि कडी लागली. कडी लावणाऱ्या हातातल्या पाटल्या वाजल्या. त्या कोणाच्या, ते आप्पांना सांगावं लागलं नाही. सात बाळंतपणांत त्याच हातांनी खाटेचा खूर आवळून धरला होता.