काका, सुरू करू?

माझ्या पोटावरची शौचाची पिशवी बदलायची वेळ झाली, की आमचे चिरंजीव नाकाला रुमाल लावून दारात उभे राहतात आणि तिथूनच नर्सबाईंना शिकवतात. आज तर साडूलाही दाखवायला घेऊन आले. "बाबांचं सगळं घरीच करतो आम्ही!"

आम्ही म्हणे! टॉवेलसुद्धा कधी हातात धरला नाही.

बाईंनी कोमट पाण्यातून कापड पिळून घेतलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "काका, सुरू करू?"

"त्यांना काय विचारायचं? उरका!" चिरंजीव रुमालाआडून बोलले.

"पोट त्यांचं आहे," म्हणत बाई माझ्याकडेच बघत थांबल्या. ऑपरेशनपासून या घरात मला विचारणारी ही एकटीच.

मी सदरा खाली ओढला. "पोटही माझं आणि घरही माझं. आधी या दोन बघ्यांना बाहेर काढा बाई, मग सुरू करा."