ठसका

आधी प्रतिक्षाच्या पोटात फक्त परीक्षेच्या दिवशी गोळा यायचा. मग तो दर सोमवारी यायला लागला. आठवीत गेल्यापासून तर नुसता दप्तराला हात लावला तरी यायचा. बारामतीच्या डॉक्टरांना काहीच सापडलं नव्हतं.

"कुणाची तरी नजर लागलीया माज्या लेकीला," म्हणत आई रोज सकाळी तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकायची. मिरच्या जळायच्या, घरात धूर कोंडायचा, पण कुणालाच ठसका लागायचा नाही. म्हणजे दृष्ट अजून उतरली नव्हती.

"आई, दृष्ट न्हाय गं. नुसतं भ्या वाटतं."

"कशाचं?"

प्रतिक्षा नुसती दप्तराकडं बघायची.

आजही आईनं मिरच्या टाकल्या. एसटीची वेळ झाली होती. दप्तर पाठीला लावून प्रतिक्षा दारात उभी होती, ओठ घट्ट मिटून.

एकाएकी जोराचा ठसका लागला.

चुलीपुढं बसलेली आई मागं न बघताच हसली. "लागला बया एकदाचा! उतरली दृष्ट. जा आता बिनघोर."

प्रतिक्षानं तोंड उघडलंच नव्हतं. घरात दोघींशिवाय कुणीच नव्हतं.

ठसका पुन्हा आला. हुबेहूब तिच्याच आवाजात, तिच्या पाठीवरच्या दप्तरातून.