वाघजाईचं लाकूड

वाघजाईच्या दगडावर सोनबा गुरवानं दोन ओल्या कळ्या चिकटवल्या आणि तो हात जोडून मागं सरला. सगळी वाडी श्वास रोखून उभी. उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर कुऱ्हाडवाल्यांनी आल्या वाटेनं परत जायचं.

प्रश्न देवीच्या राईचा होता. वेल्ह्याच्या डोंगरातली ही झाडं आजवर घरादारासाठी कुणी तोडली नव्हती. त्यांच्या मुळाशी झरा होता आणि चैत्रात अख्खी वाडी त्याच्यावरच जगायची. भोरहून आलेल्या दीनानाथला नेमकी तीच झाडं हवी होती. तो तिथल्या विजेच्या कारखान्याचा माणूस. लढाई लागल्यापासून इंजिनाला तेल मिळेना, दगडी कोळसा मिळेना, म्हणून मालकानं लाकडाच्या कोळशावर चालणारं इंजिन बसवलं होतं. त्याचं पोट काही केल्या भरत नव्हतं. पेठेतले दिवे गेले की लोक दीनानाथच्या नावानं खडे फोडायचे.

कळी हलली. उजवी पडली.

"मिळाला कौल!" दीनानाथनं टाळीच वाजवली. "चला रे, लागा कामाला."

कुणी हललं नाही. रखमाजी पाटलांनी पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं. देवीनं होकार दिला म्हणजे दिला, त्यावर कोण काय बोलणार? शेवटी वाडीतलाच गेनू, मजुरीला लागलेला, कुऱ्हाड घेऊन कसाबसा पुढं झाला. तर समोर सगुणाबाई. सत्तरी गाठलेली म्हातारी, पण झाडाच्या बुंध्याला अशी टेकून उभी राहिली की कुऱ्हाड घालायची तर आधी तिच्यावरच घालावी लागली असती.

"थांब रं मुडद्या," ती म्हणाली आणि दीनानाथकडं वळली. "साहेब, ह्या लाकडाचं करनार काय तुमी?"

"वीज, आजीबाई." दीनानाथ खुशीत होता, त्यामुळं सांगायला लागला. "लाकडाचा कोळसा करायचा, त्याच्या धगीचा वायू इंजिनात सोडायचा. इंजिन एक मोठं चाक फिरवतं. चाक फिरलं की तारेतून वीज निघते."

"म्हंजी निस्तं फिरवायचंच हाय व्हय?"

"हो, फिरवायचंच. काही ठिकाणी तेच चाक धबधब्याच्या पाण्यावर फिरवतात. आपल्याकडं तेवढी सोय नाही."

"म्या जल्मभर जातं फिरवतीया. माज्या घरात काय उजेड पडला न्हाई!"

बाया फिसकन हसल्या. दीनानाथही हसला. सगुणाबाई हसली नाही.

"देवीनं व्हय म्हनलं, म्या ऐकलं. पर हितली रीत पाटलांस्नी इचारा. वाघजाईचं लाकूड वाघजाईच्याच कामाला. देवळाच्या छपराचं आडं मोडलं तवा हितलं झाड तोडलं, आसाच कौल घिऊन. माजा मालक गेला तवा पाऊस धो धो, घरात सुकी काटकी न्हाई. देवळाच्या वळचणीला ढीगभर वाळलं लाकूड हुतं. म्या हात लावला न्हाई. घराचं दार काढलं आन् त्यावर जाळला त्याला. आजून ताटी लावून निजती म्या."

पाटील खाली बघत म्हणाले, "खरं हाय, साहेब."

"मंग देवीच्या लाकडाची इज पैली देवीच्या देवळात," सगुणाबाई म्हणाली. "लावा हितं दिवा, आन् न्या लाकूड."

"एवढंच ना? लावू की! शब्द देतो."

"शबुद नगं. दिवा."

"अहो, भोरपासून इथवर खांब कसे आणायचे? मधे डोंगर किती!"

"लाकूड त्येच डोंगर उतरून भोरला जानार न्हवं? त्याला बरी वाट घावली!"

"आजीबाई, जरा समजून घ्या," दीनानाथचा आवाज चढला. "लाकूड जळल्याशिवाय वीज होणार कशी?"

"आन् इज आल्याबिगर लाकूड तुटंल कसं?"

गेनूनं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तो खुशाल बायांच्या घोळक्यामागं जाऊन उभा राहिला. त्याचं बघून बाकीचेही. दीनानाथनं ओरडून पाहिलं, मजुरी वाढवून पाहिली, मग सरकारचं नाव काढलं. फौजदारच घेऊन येतो म्हणाला.

"आना की," सगुणाबाई म्हणाली. "त्यास्नीबी दिवाच मागीन."

एव्हाना सूर्य डोंगराआड गेला होता. राईत अंधार लवकर पडतो. दीनानाथनं चिडून खिशातली बॅटरी काढली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. लढाईत सेल तरी कुठले मिळायला? पुढची वाट कड्याच्या अंगानं होती आणि सोबत यायला कुणी तयार दिसेना.

सगुणाबाई देवळाकडं गेली. परत आली ती तुराट्यांचा जाड चूड घेऊन, देवीच्या समईवर पेटवलेला. तिनं तो दीनानाथच्या हातात दिला.

"धरा. बांधावरच्या तुरीच्या काट्या हायत. औंदा जाळल्या तरी पुढल्या साली पुन्ना येत्यात. ह्याला कौल लागत न्हाई."