दोन आखूड, एक लांब

"तुम्ही पाठवलेला आवाज आमच्याकडच्या कुठल्याच पक्ष्याशी जुळत नाही," असा निरोप मोबाइलवर आला आणि शिवप्रियाचं तोंड एवढंसं झालं.

पक्ष्यांच्या त्या संकेतस्थळावर तिनं सासरहून धाडलेली ही पहिलीच नोंद. कोणता पक्षी काय खातो, घरटं कुठं बांधतो, कुणाला कशी साद घालतो, सगळं तिथं मराठीत वाचायला मिळायचं. लग्न होऊन सास्तूरला आल्यापासून तिला त्या संकेतस्थळाचा मोठा आधार होता. नवरा लातूरला नोकरीला. घरात सासू-सासरे, पण त्या दोघांचा अबोला चाललेला. इकडचे निरोप तिकडं पोचवता पोचवता बिचारीची पोस्टमन झाली होती.

भांडणाचं मूळ होतं दाण्याचा कूट आणि गूळ भरलेली शेंगाची पोळी. पुतण्याच्या साखरपुड्यात सासरे महांतप्पा भावजयीच्या हातची पोळी खाऊन भर पंगतीत बोलून गेले, "अशी पोळी जन्मात खाल्ली न्हाय!" मागं वाढायला उभ्या असलेल्या सासूबाईंनी, रुद्रम्मांनी, ते ऐकलं. उभा जन्म त्यांनी ह्याच माणसाला शेंगाच्या पोळ्या करून घातल्या होत्या. त्या दिवसापासून घरात पोळी बंद आणि नवऱ्याशी बोलणंही बंद.

महांतप्पा काही कमी हट्टाचे नव्हते. अंथरूण काखेत मारून ते शेतातल्या शेडवर जाऊन राहिले. पूर्वी शेत घराच्या अगदी मागं होतं. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, घरं ऐसपैस झाली आणि शेत लांब पडलं. आता तिथं रुसून बसलेला माणूस इथून दिसायचासुद्धा नाही. उतारवयात ही दोघं अशीच दोन टोकांना राहणार की काय, ह्या काळजीनं शिवप्रियाला घास गोड लागत नव्हता.

सासऱ्यांचा डबा तीच न्यायची. परवा सकाळी उभ्या ज्वारीच्या पलीकडून तिला शीळ ऐकू आली. दोन आखूड, एक लांब. जरा थांबून पुन्हा तशीच. असा पक्षी तिनं कधी ऐकला नव्हता. जागच्या जागी उभं राहून तिनं तो आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. ज्वारीतून बाहेर आली तर पक्षी गायब. शेडपुढं महांतप्पा तेवढे बसलेले.

"मामा, आत्ता कुठला पक्षी ओरडला?"

"पक्षी? न्हाय बा," महांतप्पा म्हणाले. मग तिच्या मागच्या पायवाटेकडं बघत त्यांनी विचारलं, "तू एकलीच आलीस व्हय?"

आणि आज हे उत्तर. संकेतस्थळावर नोंदी तपासणाऱ्या निकितानं खाली आणखी लिहिलं होतं, "पक्षी कोणता ते कळत नाही. पण हा ओरडा भीतीचा नाही आणि भांडणाचाही नाही. दर शिळेनंतर तो थांबतो, उत्तराची वाट बघतो. जोडीदाराला घातलेली साद वाटते. मादीनं उत्तर दिलं का, तेवढं कळवा. नाहीतर नोंद काढून टाकावी लागेल."

मादी होती कुठं तिथं? पुन्हा एकदा नीट ऐकावं म्हणून शिवप्रिया ओसरीवर बसली आणि तिनं आवाज मोठा केला.

आत रुद्रम्मा भाकरी थापत होत्या. शीळ वाजली. दोन आखूड, एक लांब. थापण्याचा आवाज थांबला.

"बंदे, बंदे!"

घाईगडबडीत रुद्रम्मांच्या तोंडी माहेरची कन्नडच यायची. आले, आले, करत त्या पिठाच्या हातांनी पदर सावरत बाहेर धावल्या, पायात चपला सरकवल्या आणि रस्त्याकडं बघू लागल्या.

"आत्या, कुणी नाही आलं. मोबाइल वाजतोय. आपल्या शेतातलं पाखरू आहे ते."

"पाखरू कशाचं गं?" रुद्रम्मा नव्या नवरीसारख्या लाजल्या. "आमच्या वक्ताला थोरामोठ्यांपुढं बायकोला हाक मारायची चाल नव्हती. मग तुझे मामा शेतातनं अशी शीळ घालायचे. जुन्या घरापत्तोर ऐकू यायची." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "कवा भरलीस ही?"

"परवा सकाळी."

रुद्रम्मा पायरीवर बसल्या. "अन् म्या समजले, माणसाला माझी गरजच उरली न्हाय," त्या म्हणाल्या. डोळे पुसताना पीठ गालाला लागलं, त्याचंही त्यांना भान नव्हतं. "येडं माणूस! एवढ्या लांबनं मला ऐकू येतंय व्हय?"

थोड्या वेळानं घरभर शेंगाच्या कुटाचा आणि गुळाचा वास सुटला. तव्यावर पोळी टम्म फुगली. आज डबा रुद्रम्मांनी स्वतः बांधला, पोळ्यांवर तुपाची वाटी ठेवली आणि सुनेला बरोबर चल म्हणायचंही विसरून त्या शेताच्या वाटेला लागल्या.

त्या वळणाआड गेल्यावर शिवप्रियानं मोबाइल उघडला. निकिताचा प्रश्न तसाच होता: मादीनं उत्तर दिलं का?

तिनं लिहिलं, "दिलं. कन्नडमध्ये."