पहिला घोट

"प्याला आधी त्या रिकाम्या चटईपुढं ठेवा," म्हाताऱ्या एस्तेरबाईंनी चर्चच्या नव्या पाळकांना सांगितलं.

"तिथं कोण बसतं?"

"सारजाबाई. आपली प्रेस्बिटेरियन मंडळी चिंचेखाली सुरू झाली, ती तिच्याच चटईवर. पहिल्या प्रभुभोजनात, सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यायचा तेव्हा, तिनं आधी घोट घेतला आणि सगळ्यांना तिची जात आठवली. तिच्या उष्ट्या प्याल्याला कुणी ओठ लावला नाही, माझ्या आईनंही नाही. ती उठून गेली आणि प्लेगात वारली. पुढं हे प्रभूचं देऊळ झालं, माणसं मावेनाशी झाली. तरी पहिला घोट तिचाच."

पाळकांनी हसू दाबत प्याला चटईपुढं ठेवला, डोळे मिटून प्रार्थना केली. उचलला तेव्हा कड ओठाएवढी ओली होती.

सवयीनं ती पुसायला त्यांनी रुमाल काढला.

एस्तेरबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नका, पाळकसाहेब. पुन्हा उठून जाईल ती."