बुडबुडे

भूमजवळच्या तलावात तळाशी मोठमोठ्या रबरी पिशव्या बसवल्या होत्या. पवनचक्क्यांची वीज उरली की त्यांत हवा दाबून भरायची, आणि वीज कमी पडली की तीच हवा सोडून वीज करायची, असा प्रयोग होता. राखणीला बब्रुवान एकटाच. पाण्यावर बुडबुडे दिसले तर पिशवी गळतीय समजून सोलापूरला इंजिनिअरला फोन करायचा, एवढंच त्याचं काम.

आठ महिने ना बुडबुडा दिसला, ना कुणाशी चार शब्द झाले.

मग एके सकाळी त्यानं फोन केला. "साहेब, बुडबुडे येतेत."

इंजिनिअर श्रीनाथ पाणबुड्या रणधीरला घेऊन धावत आला. रणधीरनं बुड्या मारून पाहिलं, तर पिशव्या ठणठणीत.

"मासा असंल," बब्रुवान म्हणाला, आणि दोघांना जेवायला बसवलं. गरम भाकरी, वांग्याची भाजी. दुपारभर तिघं बोलत बसले. रणधीरच्या लेकीचा फोटोसुद्धा बघून झाला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या खेपेला बब्रुवाननं आधी तिघांच्या भाकरी थापल्या, मग फोन लावला.

त्या दिवशी श्रीनाथनं येताना एक यंत्र आणलं आणि काठावरच्या खांबाला बसवलं. जेवून हात धुताना तो मायेनं म्हणाला,

"काका, किती जीवाला घोर लावून घेता! आता पिशवी गळली की हे यंत्रच आम्हाला कळवणार. तुम्हाला फोन करायची गरजच नाही."