उतरवलेली पट्टी

“उद्याचा कार्यक्रम शेवटचा. बँड बंद,” धाकटा म्हणाला आणि त्याने गिटार भिंतीला टेकवली. चहा यायच्या आधीच त्याने हे बोलून टाकलं. एकदा चहा आला की आपलं धैर्य त्यात विरघळतं, हा त्याचा जुना अनुभव होता.

माइकची वायर गुंडाळणाऱ्या ताईने मान वर केली. ड्रममागे बसलेल्या भावोजींनी काठ्या मांडीवर ठेवल्या. टायरच्या दुकानावरची ही खोली, भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. एकतीस वर्षं तिघं इथेच वाजवत आले होते. ताई गायची, धाकटा भाऊ गिटार वाजवायचा आणि ड्रमवर तिचा नवरा. भावोजी आधी ड्रमवाले होते, भावोजी नंतर झाले.

दारामागे खिळ्याने कोरलेली एक ओळ होती. ‘पहिलं गाणं मूळ पट्टीत जमणार नाही, त्या दिवशी बंद.’ विशीतल्या माणसांना शपथा घ्यायला काय जातं? पण घेतली होती खरी, आणि तिघंही शब्दाला जागणारे होते.

निदान ताईला तसं वाटत असणार. शपथ मोडली होती धाकट्याने, आणि तीही नऊ वर्षांपूर्वी. एका कार्यक्रमात पहिल्या गाण्याच्या शेवटच्या वरच्या सुराला ताईचा आवाज फाटला. लोकांना कळलं नाही, त्याला कळलं. ती मागे वळली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. पुढच्या सरावाला त्याने घरूनच गिटार अर्धा स्वर उतरवून आणली. ताई गिटारवरूनच सूर घ्यायची, तिने तो खालचा सूर घेतला आणि गाणं सुखरूप पार पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन वर्षांनी त्याने आणखी अर्धा स्वर उतरवला, मग आणखी अर्धा.

आता तारा इतक्या सैल झाल्या होत्या की वाजवताना खडखडत. गेल्या महिन्यात एक जुना चाहता भेटून म्हणाला, “गाणं तेच आहे हो, पण मरगळल्यासारखं वाटतं.” घरी पोचेपर्यंत धाकट्याने ठरवून टाकलं. बहिणीच्या डोळ्यांत धूळ फेकत आणखी एक वर्ष काढायचं नाही. खरं सांगायचं आणि थांबायचं. बँड गेला की आपल्या हाताशी उरणार ते लोकांचे बिघडलेले फ्रिज, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी ठरलं म्हणजे ठरलं.

“ताई, आपण मूळ पट्टीत गात नाही. नऊ वर्षं झाली. मी उतरवली.”

आता ही रडेल, नाहीतर हातातली वायर फेकून मारेल, असं त्याला वाटलं. ताईने वायरचा वेढा नीट खुंटीला अडकवला.

“माहितीय मला,” ती म्हणाली. “मी काय बहिरी आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? फ्रिजच्या मोटरखाली तुझं बोट चेंगरलं, त्याच आठवड्यात तू तारा सैल केल्यास. मला वाटलं, दाबताना कळा येत असतील पोराला. वर आपली ती शपथ! म्हटलं, कशाला डिवचायचं? मुकाट्याने खाली आले.”

धाकटा आपल्या बोटाकडे बघत राहिला. “माझ्या बोटाला काय धाड भरलीय? महिन्याभरात बरं झालं ते! मी तर तुझा आवाज फाटला म्हणून...”

“अरे, सर्दी झाली होती मला!”

खाली दुकानात कोणीतरी टायर आपटला. ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. रोज सकाळी पहिला शिकाऊ यायच्या आधी ती गाडीच्या काचा वर करून आपली जुनी कॅसेट लावत असे आणि तिच्याबरोबर पहिलं गाणं म्हणत असे. मूळ पट्टीत. नऊ वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. हे तिने आत्ता सांगितलं, तेही जरा रागानेच.

“कशासाठी पण?”

“तुझं बोट बरं झालं आणि माझा गळा बसलेला, असं नको व्हायला.”

धाकट्याने गिटार उचलली आणि एकेक खुंटी पिळायला घेतली. तारा कुरकुरल्या. एखादी तुटणार म्हणून त्याने डोळे बारीक केले, पण सगळ्या टिकल्या. त्याने पहिला स्वरमेळ दाबला. तारा बोटांत रुतल्या, चांगलंच दुखलं आणि त्याला फार बरं वाटलं. ताई माइक न घेताच गायला लागली. शेवटचा वरचा सूर किंचित घासला, पण लागला. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

ड्रम मात्र वाजलाच नव्हता. दोघांनी मागे वळून बघितलं. भावोजी काठ्या हातात धरून तसेच बसले होते.

“म्हणजे हिला दम पुरत नाही म्हणून मी इतकी वर्षं ड्रमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चालवतोय, ती उगाच?” ते म्हणाले.

भावोजींनी बाह्या सरसावल्या, काठीवर काठी आपटून चार मोजले, तेही एकतीस वर्षांपूर्वीच्या वेगाने.